आईला खरंच आधी कळलं का? अशा अनुभवांमागे मन काय करत असतं

तुमच्या पत्रातला मजकूर आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. आई रत्नागिरीजवळ गावी एकट्या राहतात, वय अडुसष्ट. दीड वर्षापूर्वी वडील गेले. तेव्हापासून कधीकधी पहाटे जाग येते, हातपाय हलत नाहीत, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं आणि उशाशी कुणीतरी उभं असतं. मधूनच वडिलांची चाहूल लागते. त्यात गेल्या महिन्यात एका रात्री त्या दचकून उठल्या, 'धाकट्याला काहीतरी झालंय' असं शेजारणीला म्हणाल्या, आणि त्याच रात्री पुण्यात तुमच्या भावाला अपघात झाला. भाऊ आता बरा आहे. मावशी म्हणतात आईला 'दिसतं', एकदा प्लँचेट करून वडिलांनाच विचारून घेऊ. तुमचा प्रश्न असा की मन हे सगळं स्वतःच घडवतं का, की खरंच काही पोचतं? आणि आईंना मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावं का?

मी याच कामातला आहे. असे पेशंट माझ्यापर्यंत बहुधा देवऋषी, गंडेदोरे सगळं उरकल्यावर येतात, तेव्हा तुम्ही आधी विचारलंत हे बरं झालं. तुमचा प्रश्न एक दिसतो, पण त्यात निदान तीन निरनिराळे अनुभव आहेत: पहाटेचं दडपण, वडिलांची चाहूल आणि अपघाताची आगाऊ जाणीव. घरच्यांनी तिन्हींची एकच मोट बांधली. 'अतींद्रिय अनुभवाची थिअरी' अशी एकच एक गोष्ट शोधायला गेलात तर तुमचाही तोच गोंधळ होईल, कारण तिन्हींमागची यंत्रणा वेगळी आहे आणि पुराव्याचं वजनही सारखं नाही.

पहाटेच्या दडपणाचं कोडं बरंचसं सुटलेलं आहे. त्याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. ठसठशीत स्वप्नं ज्या झोपेत पडतात त्या रेम झोपेत मेंदूच्या देठाकडून स्नायूंना जाणारे हुकूम अडवलेले असतात. डोळे आणि श्वासपटल सोडलं तर शरीर सैल पडलेलं असतं. तसं नसतं तर स्वप्नात पळताना आपण खरोखर खाटेवरून पळालो असतो. कधीतरी जाग आधी येते आणि हा अडसर मागाहून निघतो. माणूस जागा असतो, खोली दिसत असते, छताचे वासे दिसत असतात आणि बोट हलत नाही. छातीवरच्या वजनाचं कारणही यातच आहे. बरगड्यांमधले स्नायू ढिले असल्यामुळे श्वास पोटानेच चाललेला असतो. घाबरून मोठा श्वास घ्यायला जावं तर छाती वर येत नाही. का येत नाही? वर कुणीतरी बसलंय, असा अर्थ मेंदू लावून मोकळा होतो.

भीतीची केंद्रं त्या वेळी जोरात चालू असतात आणि स्वप्नाचं चित्रपट दाखवणं थांबलेलं नसतं. धोका कुठेय हे शोधणारं मन आणि चित्रं पुरवणारं मन एकाच वेळी जागं, मग जे दिसायचं ते दिसतं. चेहरा मात्र ज्याच्या-त्याच्या गावचा असतो. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये छातीवर म्हातारी बसते, जपानात याला कानाशिबारी म्हणतात, आपल्याकडे मुंज्या किंवा हडळ येते. निरनिराळ्या देशांतल्या बऱ्याच पाहण्या एकत्र करून २०११ साली काढलेला आकडा असा होता की सर्वसाधारण लोकांपैकी ७.६ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो. विद्यार्थ्यांत हे प्रमाण २८ टक्क्यांच्या पुढे होतं. विद्यार्थी जागरणं करतात हे त्याचं एक कारण असावं. झोपमोड, ताण आणि उताणं झोपणं याने तो वाढतो. आईंना कुशीवर झोपायला सांगा. एवढ्यानेही बऱ्याच जणांना फरक पडतो.

उशाशी उभ्या असलेल्या माणसाची गोष्ट जरा जास्त रंगतदार आहे. २००६ साली स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी बावीस वर्षांच्या एका मुलीची हकीकत 'नेचर'मध्ये छापली. तिला फिट्स येत आणि शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीसाठी मेंदूवर इलेक्ट्रोड ठेवले होते. डाव्या कानामागे वरच्या बाजूला, जिथे मेंदूचे टेम्पोरल आणि परायटल हे दोन भाग एकमेकांना मिळतात, तिथे सौम्य करंट दिला की तिला मागे कुणीतरी आहे असं वाटे. ती आडवी असली की तो माणूस तिच्या खाली आडवा. ती उठून गुडघ्यांना मिठी मारून बसली तर तो मागून तिला मिठी मारून बसलेला, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही. हातात कार्ड घेऊन वाचायला सांगितलं, तर म्हणाली, त्याला कार्ड हिसकावून घ्यायचंय. करंट बंद, माणूस गायब. तो तिच्या प्रत्येक आसनाची नक्कल करत होता हे डॉक्टरांच्या लक्षात आलं, तिच्या आलं नाही. आपलं शरीर नेमकं कुठे आहे याचा नकाशा मेंदू सतत काढत असतो. तो बिघडला की स्वतःच्याच शरीराची एक प्रत शेजारी उभी राहते आणि ती दुसऱ्याची वाटते. याच गटाने २०१४ मध्ये इलेक्ट्रोडशिवाय, धडधाकट लोकांवर हाच प्रयोग केला. माणूस पुढे हात हलवतो, यंत्र तसाच स्पर्श त्याच्या पाठीवर करतं. दोन्ही एकाच वेळी झालं तर काही नाही. स्पर्श अर्ध्या सेकंदाने उशिरा आला की काही जणांना मागे कुणीतरी असल्याचं जाणवू लागलं, आणि दोघांनी तर प्रयोग थांबवायला सांगितलं. झोपेतून अर्धवट जाग येताना हा नकाशा डळमळीत असतो, त्यामुळे आईंच्या उशाशी उभं राहायला बाहेरून कुणी यायची गरज पडत नाही.

आता वडिलांची चाहूल. इथे मी 'भास' हा शब्दही जपून वापरतो, कारण घरात तो शब्द उच्चारला की आईंनी सांगणंच बंद करायचं ठरवलेलं असतं. वेल्समधल्या ड्यूई रीस नावाच्या एका जनरल प्रॅक्टिशनरने १९७१ मध्ये आपल्या भागातल्या २९३ विधवा-विधुरांशी बोलून लिहून ठेवलं: जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचं अस्तित्व कधी ना कधी जाणवलं होतं. कुणाला फक्त घरात असल्यासारखं, कुणाला आवाज, कुणाला स्पर्श. बहुतेकांना त्यातून आधारच वाटत होता. आणि बहुतेकांनी हे त्यापूर्वी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. ही माणसं मनोरुग्ण नव्हती. चाळीस वर्षं संसार केलेल्यांचा तो नेहमीचा अनुभव आहे.

मन हे कसं घडवतं, याबद्दल सध्या सगळ्यात जोरात असलेली मांडणी म्हणजे मेंदू हा आधी अंदाज बांधतो आणि मग इंद्रियांकडून तो पडताळून घेतो. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ हा जर्मन शास्त्रज्ञ हे म्हणून गेला होता. आता त्याला गणित आणि प्रयोगांची जोड मिळाली आहे. गावच्या पोस्टमनला पावसात पुसलेला पत्ताही वाचता येतो, कारण तो अक्षरं कमी आणि माणसं जास्त ओळखतो. आईंच्या मेंदूने संध्याकाळी साडेसहाला अंगणातली चप्पल आणि खोकला इतकी वर्षं ऐकलाय की एखादी झावळी पडली तरी तो ते आवाज पुरे करतो.

येल विद्यापीठात २०१७ साली याचा फार सुरेख प्रयोग झाला. लोकांना पडद्यावर एक चौकटींचं चित्र आणि त्याच वेळी एक बारीक आवाज, असं पुन्हा पुन्हा दिलं. नंतर कित्येकदा फक्त चित्र दाखवलं, तरी लोक 'आवाज आला' म्हणू लागले. चार गट होते: आजारामुळे आवाज ऐकू येणारे, आजार असून आवाज न येणारे, आजार नसून रोज आवाज ऐकणारे व स्वतःला सायकिक, म्हणजे अतींद्रिय शक्ती असलेले, म्हणवणारे, आणि सामान्य लोक. ज्यांना एरवी आवाज येत, त्या दोन्ही गटांना हा नसलेला आवाज जास्त वेळा आणि जास्त खात्रीने ऐकू आला. फरक पुढे पडला. आपली अपेक्षा चुकतेय हे कळल्यावर सायकिक मंडळी ती दुरुस्त करू शकत होती, आजारी मंडळींना ते जड जात होतं. क्लिनिकमध्ये मी नेमकं हेच बघतो. आवाज येतो का, हा माझा दुसरा प्रश्न असतो. पहिला असतो, 'तो नसेलही, असं तुम्हाला कधी वाटतं का?'

तिसरा भाग, अपघाताचा. इथे मला जास्त वेळ लागेल, कारण सगळे अडतात ते इथेच.

जर्मनीत १८९३ च्या सुमाराला हान्स बर्गर नावाचा एक तरुण लष्करी प्रशिक्षणात घोड्यावरून पडला आणि तोफेच्या गाड्याखाली येता येता वाचला. त्याच संध्याकाळी घरून तार आली: तू बरा आहेस ना? दूरच्या गावी त्याच्या बहिणीला अचानक वाटलं होतं की भावावर संकट आलंय आणि तिने वडिलांना तार करायला लावली होती. बर्गरच्या मनातून हे कधीच गेलं नाही. तो मनोविकारतज्ज्ञ झाला आणि मनाची ऊर्जा मोजता येईल या वेडापायी येना शहरात वर्षानुवर्षं धडपडत राहिला. १९२४ मध्ये त्याने माणसाच्या मेंदूतल्या विजेची पहिली नोंद घेतली आणि १९२९ मध्ये ती छापली. आज फिट्सच्या पेशंटचा जो ईईजी आपण काढतो तो या माणसाचा. टेलिपथी मात्र त्यात सापडली नाही. डोक्यावर मोजला जाणारा विजेचा दाब दहा ते शंभर मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टच्या लाखाव्या ते दहा हजाराव्या हिश्श्याच्या घरातला असतो. तो नोंदवायला इलेक्ट्रोड कातडीला चिकटवावा लागतो. पुण्याहून रत्नागिरीला जाण्याची त्याची ऐपत नाही.

मग बर्गरच्या बहिणीला आणि तुमच्या आईंना झालं काय? माझ्या मते दोन गोष्टी एकत्र येतात. पहिली, साधं गणित. महाराष्ट्रात प्रौढ माणसं सात कोटी धरा. प्रत्येकाला वडील गेल्याचं किंवा त्यांना काही झाल्याचं स्वप्न पन्नास वर्षांत फक्त एकदा पडतं असं समजा. खरं तर जास्त वेळा पडतं. पन्नास वर्षं म्हणजे अठरा हजारांहून थोड्या जास्त रात्री. वडिलांना खरंच काही झालं ती रात्र आणि स्वप्नाची रात्र निव्वळ योगायोगाने एक यायची, असं सात कोटींत सुमारे ३,८३० जणांच्या बाबतीत होईल. म्हणजे वर्षाला सत्त्याहत्तर. वडिलांबरोबर आई, नवरा, मुलं, भावंडं धरून दहा माणसं घेतली तर रोज दोन. रोज राज्यात कुठेतरी दोन घरांत 'तिला आधीच कळलं होतं' असं व्हायलाच पाहिजे. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ लुइस अल्वारेझ यांनी १९६५ मध्ये 'सायन्स'मध्ये असंच गणित मांडलं होतं. वर्तमानपत्र वाचता वाचता त्यांना जुना ओळखीचा माणूस आठवला आणि पुढच्या पानांवर त्याच्याच मृत्यूची बातमी दिसली, हे त्याचं निमित्त. ज्या घरात हे घडतं त्या घराला या आकड्याने समाधान मिळत नाही हे मला ठाऊक आहे. पण बाकीच्या कोट्यवधी घरांत स्वप्न पडलं आणि काहीच झालं नाही; त्या रात्री कुणी पत्रात लिहीत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे आठवण. ती दर वेळी नव्याने रचली जाते, आणि बातमी कळल्यावर रचली तर बातमीच्या मापाने रचली जाते. 'कसंतरी होतंय' याचं 'धाकट्याला काहीतरी झालंय' होतं. यात कुणी खोटं बोलत नसतं. शेजारणीला एकटीला गाठून, अपघाताचा विषय न काढता, आधी विचारा की आई त्या रात्री नेमकं काय म्हणाल्या आणि किती वाजता. आणि अशा किती रात्री त्या 'धाकट्याला' म्हणाल्या. स्कूटरवर हिंडणाऱ्या मुलाच्या आईला काळजीची रात्र काही एखादीच नसते. आईंची उलटतपासणी मात्र घेऊ नका.

'मला आधीच माहीत होतं' ही भावना स्वतंत्रपणेही तयार होते, हे अमेरिकेत ॲन क्लिअरी यांनी २०१८ च्या प्रयोगात दाखवलं. लोकांना संगणकावरच्या जागांमधून फिरवलं. काही जागांची मांडणी आधी पाहिलेल्या, पण न आठवणाऱ्या जागेसारखी होती. तिथे 'इथे आधी आलोय' असं वाटायचं, आणि त्याबरोबर 'आता कुठे वळणार तेही मला कळतंय' अशी खात्री. प्रत्यक्षात विचारलं तर त्यांचे अंदाज नाणेफेकीपेक्षा सरस नव्हते. खात्री आणि ज्ञान या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. विल्यम जेम्ससारख्या खंद्या मानसशास्त्रज्ञाने मांडलं होतं की मेंदू मन निर्माण करतो असं न धरता, तो एका मोठ्या जाणिवेला गाळून आत येऊ देतो असंही धरता येईल; गाळणी सैल झाली की असे अनुभव येतात. कल्पना देखणी आहे, आपल्या वेदान्ती कानांना तर फारच गोड लागते. अडचण एवढीच की ती चूक असती तर काय वेगळं दिसलं असतं हे ती सांगत नाही. प्रयोगशाळेतून तिला आधार मिळतो का, हे लोकांनी बघितलं नाही असं नाही. डोळ्यांवर पिंगपाँगच्या चेंडूचे अर्धे तुकडे, कानात खरखर, आणि दुसऱ्या खोलीतला माणूस चारांपैकी एका चित्राकडे बघतोय: या गान्झफेल्ड प्रयोगात योगायोगाने २५ टक्के उत्तरं बरोबर यावीत, १९९४ च्या एका गाजलेल्या लेखात ती ३२ टक्के आली. १९९९ मध्ये नंतरचे तीस अभ्यास एकत्र पाहिले तर फरक जवळपास मावळला. २०११ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांनी हजारावर विद्यार्थ्यांवर नऊ प्रयोग करून भविष्याची चाहूल लागते असं छापलं. वर्षभरात तिघा संशोधकांनी त्यातला एक प्रयोग तीन विद्यापीठांत पुन्हा केला, हाती काही लागलं नाही. त्याचा एक फायदा झाला: इतक्या प्रतिष्ठित पद्धतीने असं काही 'सिद्ध' होत असेल तर पद्धतीतच खोट आहे, हे मानसशास्त्राला कळलं आणि प्रयोगाआधीच आराखडा जाहीर करायची शिस्त वाढली. माझं मत विचाराल तर, पोचणारं काही असतं तर शंभर वर्षांत ते इतकं लाजरं राहिलं नसतं.

प्लँचेटबद्दल. १८५३ मध्ये टेबलं आपोआप फिरण्याची लाट आली तेव्हा मायकेल फॅरेडेने हाताखाली मऊ सिमेंटने चिकटवलेले पुठ्ठ्यांचे थर ठेवले. आधी कोण सरकतं, टेबल की हात? वरचे थर आधी सरकले होते. माणसं टेबल ढकलत होती आणि त्यांना स्वतःला ते ठाऊक नव्हतं. वाटीचंही तसंच. मावशी अडून बसल्याच तर सगळ्यांचे डोळे बांधा आणि अक्षरांचा कागद गुपचूप उलटा फिरवा. वाटी जिथे अक्षर आधी होतं तिथे जाईल. नंदीबैल मालकाच्या हातातल्या दोरीकडे बघून मान हलवतो, इथे मालकालाही दोरी दिसत नाही एवढाच फरक. आणि माध्यमाच्या तोंडून कुणालाच माहीत नसलेली माहिती आली तर? जिनिव्हाच्या एका बाईंनी समाधीत आपण पूर्वजन्मी कानडा मुलखातल्या राजाची राणी होतो असं सांगितलं, चंद्रगिरी किल्ला आणि १४०१ सालासकट. मानसशास्त्रज्ञ फ्लूर्न्वाने शोध शोधून तीच नावं १८२८ च्या एका फ्रेंच इतिहासग्रंथात काढली, आणि तो ग्रंथ जिनिव्हाच्याच ग्रंथालयात होता. वाचलेलं, ऐकलेलं राहतं. कुठून आलं ते पुसलं जातं. आपल्याकडे सत्तरच्या दशकात नागपूरच्या एका मराठी प्राध्यापिका अचानक बंगाली बोलू लागल्याची केस गाजली, त्यातही वाद शेवटी इथेच येऊन थांबला: बंगालीची जी थोडी ओळख आधी होती ती पुरेशी होती की नाही.

आता आईंना कुणाकडे न्यावं. दडपण आणि चाहूल एवढंच असेल आणि त्यांना त्याचा त्रास नसेल तर माझ्याकडे यायची घाई नाही. पण काही गोष्टी मी जरूर विचारीन. घर बंद असताना शेगडी पेटती राहते का, किंवा गॅस गीझर हवा न खेळणाऱ्या न्हाणीत आहे का? कार्बन मोनॉक्साइडने पछाडलेलं घर १९२१ मध्येच अमेरिकेच्या एका नेत्रवैद्यकाच्या मासिकात नोंदलं गेलंय. तिथे पावलांचे आवाज, अंथरुणाशी बाई, डोकेदुखी, सगळं होतं आणि बिघडलेली भट्टी दुरुस्त केल्यावर थांबलं. नजर अधू झालीय का? मोतीबिंदू किंवा पडद्याचा आजार असला तर डोकं ठणठणीत असूनही माणसं, मुलं दिसू शकतात. दिवसाढवळ्या माणसं दिसतात का, झोपेत हातपाय झाडतात का, चालणं मंदावलंय का? असेल तर न्यूरॉलॉजिस्टला लवकर दाखवा. हा स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार असू शकतो. क्षणभर जळका वास येतो, पोटातून काहीतरी वर चढतं, हे आधी घडलंय असं वाटून मिनिटभर शून्यात नजर लागते, असं असेल तर ईईजी काढायला सांगा. आवाज हुकूम देत असतील, जेवण-झोप तुटली असेल, 'मीच त्यांच्याकडे जाते' अशी भाषा असेल तर मात्र त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञ गाठा. रात्रीअपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फोन आहे. येताना गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या घेऊन या. बीपीच्या काही गोळ्यांनीही स्वप्नं भडक पडतात.

भावाला मात्र महिनाभर तरी रात्री घरी पोचल्याचा फोन करायला सांगा. अपघातानंतर आई जागत बसत असणार, आणि झोप जितकी तुटेल तितकं पहाटेचं दडपण वाढेल.